तळण रोजचे कधी झाले?

किरगिझस्तानात गुरुवारी किंवा शुक्रवारी एखाद्या घरात कढई तापली असेल, तर ती घरच्या भुकेसाठीच तापली असेल असे नाही. कणकेचे लहान तुकडे कढत चरबीत किंवा तेलात सोडायचे, टम्म फुगून तांबूस झाले की काढायचे. त्या वेळी जो वास सुटतो, तो घरातल्या गेलेल्या माणसांसाठी असतो. या प्रथेच्या नावाचा अर्थच ‘वास काढणे’ असा आहे. मृतांना घास पोचत नाही, वास पोचतो, ही त्यामागची श्रद्धा. शेजारच्या कझाकस्तानात शुक्रवारी सात शेल्पेक, म्हणजे तळलेल्या पातळ पोळ्या, करतात, पूर्वजांच्या नावाने प्रार्थना म्हणतात आणि त्या पोळ्या शेजारीपाजारी वाटतात. मंगोलियात चांद्र नववर्षाला तळलेल्या लांबट पावांची उतरंड रचतात. थर विषमच हवेत: तरुण जोडप्याच्या घरी तीन, आईवडिलांच्या घरी पाच, आजीआजोबांच्या घरी सात. एक थर सुखाचा, पुढचा दुःखाचा, असे मोजत गेले की विषम संख्येत सुरुवातही सुखाने होते आणि शेवटही.

सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत ‘तळलेले पदार्थ’ असा एकच गठ्ठा बांधून बाजूला टाकला जातो, तेव्हा मला ही उतरंड आठवते. त्या गठ्ठ्यात पूर्वजांचे शेल्पेक असतात आणि पेट्रोल पंपावरचे पाकीटबंद डोनटही असते. दोन्हींत पीठ आहे, दोन्हींत तेल आहे, एवढ्यावर त्यांना एका रांगेत उभे केले जाते. मला हे चुकीचे वाटते आणि या चुकीतून निघणारे कायदेही चुकतात.

माझे म्हणणे असे आहे: तळलेली कणीक हा जगातल्या बहुतेक समाजांत नेमलेल्या दिवसाचा पदार्थ होता. ती रोजची झाली, कारण तेल स्वस्त झाले, यंत्र आले आणि दिवसाचे बंधन सुटले. म्हणून सरकारने नियम करावेत ते तेलावर, तेलाच्या दर्जावर आणि रोजच्या घाऊक पुरवठ्यावर. पदार्थाला आणि तो हाताने करणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. आणि ही बाजू मांडताना दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, की ‘आमची परंपरा’ असे म्हणून वाईट तेलाला किंवा घातक द्रव्याला सूट मागण्याचा हक्क कुणालाही नाही.

माणसाने तळायला सुरुवात का केली असेल, याचा विचार केला की या पदार्थांकडे बघायची नजर बदलते. भट्टी बांधायला एका जागी राहावे लागते आणि ती तापवायला भरपूर सरपण लागते. भटक्या पशुपालकाकडे दोन्ही नसते. त्याच्याकडे एक कढई असते आणि मेंढीची चरबी असते. कणीक त्या चरबीत दोन-तीन मिनिटांत शिजते, वरून कोरडी होते आणि प्रवासात टिकते. म्हणजे मंगोल किंवा कझाक माणसासाठी तळण ही चैन असण्याआधी सोय होती. शेती करणाऱ्या समाजांत मात्र चरबी आणि तेल दोन्ही मोलाचे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी केटोने शेतीविषयी जे लिहून ठेवले, त्यात चीज आणि गव्हाच्या भरडीचे गोळे चरबीत तळून, मध लावून, वर खसखस पेरायची कृती आहे. ते गोळे एका वेळी एक-दोनच तळावेत, असेही तो सांगतो. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकग्रंथात ‘झुलाबिया’ला स्वतंत्र प्रकरण मिळाले, तेच नाव पुढे पूर्वेकडे जिलेबी झाले आणि इराणात रमजानच्या उपवासानंतरचे ‘झुल्बिया’ म्हणून राहिले.

तळण्याची क्रिया नीट समजून घेतली नाही तर पुढचा सगळा वाद हवेत राहतो, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. साधारण १७५ ते १८५ अंश सेल्सियस तापलेल्या तेलात कणीक पडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती जोराने बाहेर पडते. आपल्याला दिसणारे बुडबुडे हे उकळते तेल नसते, ती वाफ असते. जोवर वाफ बाहेर येते आहे, तोवर तेलाला आत शिरायला जागा मिळत नाही. पदार्थ झाऱ्यावर आला, गार होऊ लागला, की आतली वाफ निवते, दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर राहिलेले तेल आत ओढले जाते. म्हणजे पदार्थ तेल पितो असे आपण म्हणतो, ते पिणे बरेचसे कढईबाहेर घडते. तेल पुरेसे तापलेले नसेल तर वरचे कवच उशिरा धरते आणि पदार्थ जास्त तेल पितो. तेल जुने असेल, दाट झालेले असेल, तर ते पृष्ठभागाला चिकटून बसते आणि निथळत नाही.

हे भौतिकशास्त्र कुणी शिकवले नव्हते, तरी तळणाऱ्या हातांना ते ठाऊक होते. पोलंडमधले लोक पोंचकीच्या, म्हणजे मुरंबा भरलेल्या तळलेल्या गोळ्यांच्या, कणकेत चमचाभर कडक मद्यार्क घालतात. तो तापल्यावर चटकन उडून जातो आणि पदार्थ तेल कमी पितो, असा त्यांचा पिढ्यांचा अनुभव. स्पेनमधला चुरो, म्हणजे कणकेची तळलेली लांब कांडी, सोऱ्यासारख्या यंत्रातून चांदणीच्या आकाराच्या छिद्रातून पाडतात. ती चांदणी केवळ शोभेची नाही. गुळगुळीत गोल नळीसारखा चुरो बाहेरून आधी कडक होतो, आत वाफ कोंडते आणि तो तेलात फुटून तळणाऱ्याला भाजू शकतो. कडा असल्या की उष्णता आत लवकर पोचते आणि वाफेला वाट मिळते. या पदार्थांत जमा झालेले शहाणपण असे बारीक आहे, आणि ‘अनारोग्यकारक’ असा शिक्का मारणाऱ्याने ते एकदा पाहून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

आता दिनदर्शिकेकडे येतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे.

मध्ययुगीन युरोपात ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसच नव्हे, तर अंडी, दूध, लोणी आणि प्राण्यांची चरबीही वर्ज्य होती. घरात साठवलेली चरबी आणि अंडी उपवासाच्या आधी संपवणे भाग होते. त्या गरजेतून युरोपभर तळणाचा एक आठवडा तयार झाला. पोलंडमध्ये उपवासाआधीचा शेवटचा गुरुवार ‘चरबीचा गुरुवार’ म्हणून पाळतात. त्या दिवशी गुलाबाचा मुरंबा भरलेल्या पोंचकीसाठी पहाटेपासून रांगा लागतात. व्हिएन्नात त्याच ऋतूत तशाच घाटाचे क्राप्फेन. इटलीत मैद्याच्या पातळ पट्ट्या तळून वर साखर भुरभुरतात, आणि या एका पदार्थाला मिलानमध्ये किआकिएरे, रोममध्ये फ्रापे, तोस्कानात चेंची, व्हेनिसमध्ये गलानी, बोलोन्यात स्फ्रापोले अशी नावे आहेत. ‘किआकिएरे’ म्हणजे गप्पा, ‘चेंची’ म्हणजे चिंध्या. इतक्या ममतेने नावे ठेवलेला पदार्थ त्या लोकांच्या वर्षात कुठे बसतो, हे वेगळे सांगायला नको. पोर्तुगालच्या मदेरा आणि असोरेस बेटांवरचे मजूर १८७८ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेले आणि त्यांच्याबरोबर मलासादा, म्हणजे कणकेचे तळलेले गोड गोळे, गेले. हवाईत आजही उपवासाआधीचा मंगळवार ‘मलासादा दिवस’ आहे, उपवास न धरणाऱ्यांसाठीसुद्धा.

या उपवासाच्या ऋतूबाहेरही हेच. ज्यू लोकांच्या हनुक्काला मंदिरातल्या दिव्याच्या तेलाची आठवण म्हणून तेलात तळलेले खातात. नेदरलँड्समध्ये ओलीबोलन वर्षाच्या शेवटच्या रात्री. कोलंबियात बुन्युएलो नाताळात. फिनलंडमध्ये मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जाळीदार तिप्पालेइपा. पेरूमध्ये भोपळा आणि रताळे घातलेले पिकारोनेस ऑक्टोबरातल्या मोठ्या मिरवणुकीच्या दिवसांत. चिलीत तर ऋतूच नेमलेला आहे: पाऊस पडू लागला की भोपळ्याच्या सोपाइपिया तळायच्या.

या यादीत सणांची श्रीमंती दिसते, पण मला तिच्यात एक मोजमापही दिसते. तेल महाग होते, चरबी मिळवायला जनावर मारावे लागत होते, आणि म्हणून समाजाने तळणाला तारीख दिली. धर्माने ती पवित्र केली. कुणी उष्मांक मोजले नव्हते, तरी वर्षातून किती वेळा कढई भरायची हे ठरलेले होते. रोज तळणारे लोक तेव्हाही होते, हे मला मान्य आहे. मोरोक्कोत पहाटे स्फेंज तळणारा असतोच. तो गरम कड्या ताडाच्या पात्यात ओवून गिऱ्हाइकाच्या हाती देतो. चीनमध्ये न्याहारीला यौत्याओ, म्हणजे कणकेच्या तळलेल्या लांब पट्ट्या, रोज मिळते. पण तिथेही हा पदार्थ एका वेळेचा, सकाळचा, ताजा आणि हाताने केलेला होता. तो उठून विकत घ्यायला जावे लागत होते आणि थोड्या वेळात संपत होता. दिवसाचे बंधन नसले तरी घटकेचे होते.

हे बंधन तुटले ते विसाव्या शतकात, आणि कसे तुटले हे सांगता येते. १९०२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. १९११ मध्ये अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने सरकीच्या तेलापासून केलेले ‘क्रिस्को’ बाजारात आणले. डुकराच्या चरबीपेक्षा स्वस्त, पांढरेशुभ्र, महिनोन्महिने न खवटणारे आणि पुन्हापुन्हा तापवता येणारे. त्यात ट्रान्स फॅट नावाचे द्रव्य तयार होते आणि ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांना साध्या चरबीहूनही अधिक घातक आहे, हे जगाला पटायला पुढची ऐंशी-नव्वद वर्षे गेली. क्रिस्कोनंतर लवकरच, १९२० मध्ये, न्यूयॉर्कमध्ये अॅडॉल्फ लेव्हिट याने डोनट आपोआप पाडून तळणारे यंत्र उभे केले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या आघाडीवर सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या स्वयंसेविकांनी सैनिकांना डोनट तळून दिले होते, परत आलेल्या सैनिकांना ती चव हवी होती, आणि यंत्र ती मागेल तितकी देऊ लागले. पुढे पाम तेल आले. एका हेक्टरात सोयाबीनच्या कित्येक पट तेल देणारे हे झाड जगातले सर्वांत मोठे खाद्यतेलाचे साधन झाले, आणि तेल वाचवून वापरायचे कारणच उरले नाही.

कित्येकदा ‘पारंपरिक’ म्हणून जे तळण आपण पाहतो, ते स्वतःच या बदलाचे अपत्य असते. हंगेरीचे लांगोश घ्या. ‘लांग’ म्हणजे ज्वाळा. पाव भाजायच्या दिवशी उरलेल्या कणकेची चपटी भाकर भट्टीच्या तोंडाशी, ज्वाळांजवळ, भाजून घेत. ते मूळचे लांगोश. घरोघरच्या पावभट्ट्या गेल्या, तेल हाताशी आले आणि लांगोश कढईत पडले. आजच्या हंगेरियन माणसाला ते तळलेलेच माहीत आहे. मी त्याला खोटी परंपरा म्हणणार नाही, पण परंपरेच्या नावाने बोलताना तिचे वय विचारावे, एवढे नक्की म्हणेन.

वय विचारल्यावर सगळ्यांत अस्वस्थ करणारे उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या फ्रायब्रेडचे मिळते. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नवाहो लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकावून शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोच्या पूर्व भागातल्या बोस्के रेडोंडो या छावणीत नेले. त्या मोहिमेत त्यांची पिके जाळली होती, मेंढ्या मारल्या होत्या, कॅन्यन द शेइ या दरीतली पीचची झाडे तोडली होती. छावणीत पाणी खारट, जमीन नापीक, पेरलेला मका किडीने खाल्ला. जगण्यासाठी हाती आला तो सरकारी शिधा: मैदा, डुकराची चरबी, मीठ, साखर. मका, शेंगा आणि भोपळ्यावर वाढलेल्या बायकांनी त्या मैद्याचे आणि चरबीचे जे केले, ते म्हणजे फ्रायब्रेड. १८६८ च्या तहानंतर नवाहो आपल्या भूमीत परतले, पण शिध्याची सवय सरकारने पुढेही चालू ठेवली. विसाव्या शतकात राखीव क्षेत्रांना पुरवल्या जाणाऱ्या सरकारी धान्यातही मैदा आणि चरबी होतीच. आज अमेरिकेतल्या सर्व समाजगटांत मधुमेहाचे निदान झालेल्यांचे प्रमाण मूळ रहिवाशांत सर्वाधिक आहे.

मग फ्रायब्रेडचे काय करायचे? २००५ हे वर्ष या प्रश्नाची दोन्ही टोके दाखवते. त्या वर्षी साउथ डकोटा राज्याने फ्रायब्रेडला आपला अधिकृत राज्य-पाव म्हणून घोषित केले. आणि त्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेल्या सुझन शोन हार्जो यांनी फ्रायब्रेडवर कडाडून टीका करणारा लेख लिहिला: हे आपले अन्न नव्हे, हे आपल्यावर लादलेले अन्न आहे. तिकडे पॉववॉ या मूळ रहिवाशांच्या नाचगाण्याच्या मेळ्यांत आजीच्या हातचे फ्रायब्रेड आठवून गहिवरणारी माणसे आहेत, ज्यांच्या लेखी हा पदार्थ मरणातून वाचल्याची खूण आहे. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात आणि त्यांतली एक निवडायचा अधिकार बाहेरच्या माणसाला आहे असे वाटत नाही.

नवाहो राष्ट्राने मात्र स्वतः एक निवड केली, आणि ती मला फार मोलाची वाटते. २०१४ मध्ये त्यांच्या परिषदेने आधी ताजी फळे आणि भाज्यांवरचा विक्रीकर काढून टाकला. मग पोषणमूल्य जवळजवळ नसलेल्या खाद्यपेयांवर दोन टक्के जादा कर बसवला. तो एप्रिल २०१५ पासून लागू झाला. जमलेला पैसा वस्त्यांच्या आरोग्याच्या कामांना जातो. कर छोटा आहे आणि विस्तीर्ण राखीव क्षेत्रात भाजीची दुकानेच मोजकी असल्याने त्याचा उपयोग मर्यादित राहणार हे उघड आहे. तरी क्रम पाहा: आधी चांगले स्वस्त केले, मग वाईट महाग केले, आणि ठरवले त्या लोकांनी स्वतः. बाहेरून आलेल्या शिध्याने जो पदार्थ जन्माला घातला, त्याच्याविषयी बाहेरूनच आलेला उपदेश ऐकायला ते बांधील नाहीत.

इथे ‘मग सरकारने काहीच करू नये का?’ असा प्रश्न येतो. करावे, आणि भरपूर करावे. काय करावे आणि काय करू नये, याचा धडा डेन्मार्कने एकट्याने दिला आहे.

२००३ मध्ये डेन्मार्कने जगात प्रथम कायद्याने मर्यादा घातली: खाण्याच्या कुठल्याही तेल-तुपात शंभर ग्रॅममागे दोन ग्रॅमपेक्षा जास्त औद्योगिक ट्रान्स फॅट चालणार नाही. बेकऱ्यांनी आणि कारखान्यांनी तेल बदलले. गिऱ्हाइकाला काही करावे लागले नाही, चव गेली नाही, सणाचा पदार्थ सणाला मिळत राहिला. त्याच डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये दुसरा प्रयोग केला. २.३ टक्क्यांहून अधिक संपृक्त स्निग्धांश असलेल्या प्रत्येक खाद्यपदार्थावर, त्यातल्या संपृक्त स्निग्धांशाच्या किलोमागे १६ क्रोनर कर. लोणी, चीज, मांस, तेल सगळेच त्यात आले. लोक सीमा ओलांडून जर्मनीत खरेदीला जाऊ लागले, छोटे व्यावसायिक हिशेबाने जेरीस आले, आणि १ जानेवारी २०१३ पासून तो कर रद्द करावा लागला. पंधरा महिन्यांत खेळ आटोपला.

दोन्ही कायदे एकाच देशाचे, एकाच हेतूचे. पहिल्याने एका घातक द्रव्याला नेमके पकडले आणि ते वापरणाऱ्या उद्योगाला जबाबदार धरले. दुसऱ्याने स्वयंपाकघरातल्या प्रत्येक स्निग्ध वस्तूला दोषी मानले आणि दंड खाणाऱ्याकडून वसूल केला. पहिल्याचे अनुकरण जगभर झाले. अमेरिकेने २०१५ मध्ये अंशतः हायड्रोजनयुक्त तेलांची ‘सुरक्षित’ ही मान्यता काढली आणि २०१८ पासून त्यांचा वापर थांबवायला लावला. युरोपीय संघाने एप्रिल २०२१ पासून दोन टक्क्यांची मर्यादा सर्वांना लावली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मोहीम सुरू केली, तेव्हा औद्योगिक ट्रान्स फॅटमुळे हृदयविकाराने जगात दरवर्षी पाच लाख माणसे दगावतात असा तिचा अंदाज होता. जानेवारी २०२४ मध्ये ट्रान्स फॅट हटवल्याबद्दल संघटनेने प्रथमच ज्या पाच देशांचा गौरव केला, त्यांत डेन्मार्क, लिथुआनिया, सौदी अरेबिया आणि थायलंडबरोबर पोलंडही होता. पोंचकीच्या रांगा तिथे अजूनही लागतात.

परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी चीनच्या यौत्याओकडे पाहावे. या पदार्थाची लोककथा सगळ्या चीनला पाठ आहे: ११४२ मध्ये यूए फेइ या सेनापतीला कट करून मारवणाऱ्या छिन ह्वे आणि त्याच्या बायकोच्या नावाने लोकांनी कणकेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून तेलात तळल्या. कथा खरी असो नसो, अन्यायाचा राग न्याहारीत जपून ठेवणारा समाज मला थोर वाटतो. पण या पट्ट्या फुगाव्यात म्हणून कणकेत तुरटी आणि सोडा घालत आले, आणि तुरटीबरोबर ॲल्युमिनियम पोटात जाते. ते साठत जाते, लहान मुलांच्या दृष्टीने ही चिंतेची गोष्ट आहे. २०१४ मध्ये चीनने ॲल्युमिनियमयुक्त खाद्यद्रव्यांवर निर्बंध आणले, वाफवलेल्या मैद्याच्या पदार्थांतून तुरटी हद्दपार केली आणि तळलेल्या पदार्थांतही ॲल्युमिनियमच्या प्रमाणाला मर्यादा ठेवली. तुरटीशिवाय फुगवणारी मिश्रणे बाजारात आली. यौत्याओ टिकले, कथा टिकली. ‘शेकडो वर्षे असेच करतो’ हे उत्तर तिथे चालले नाही आणि ते चालायला नकोच होते.

तळण्याच्या तेलाचा पुनर्वापर हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तेल पुन्हापुन्हा तापवले की हवा, पाणी आणि उष्णता मिळून त्याचे विघटन होते. ते काळवंडते, दाट होते, फेस धरते, कमी तापमानालाच धूर सोडते. या विघटनातून तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास गेले की तेल टाकून द्यावे, असा नियम अनेक देशांत आहे. ते मोजायला हातात धरायचे साधन मिळते, चाचणीच्या पट्ट्याही मिळतात. नियम आहे, साधन आहे, तरी जुने तेल कढईतून हलत नाही, कारण ते टाकणे म्हणजे पैसा टाकणे. चीनमध्ये तर गटारातून आणि उपाहारगृहांच्या टाकाऊ पाण्यातून तेल गाळून पुन्हा विकणाऱ्या टोळ्यांचे प्रकरण २०११ च्या सुमारास देशभर गाजले. टाकाऊ तेलाला जोवर दुसरा भाव नाही, तोवर ते कुठल्या ना कुठल्या मार्गाने कढईत परतणारच. त्याचे बायोडिझेल होते. सरकारने रस्त्यावरच्या तळणाऱ्याकडून वापरलेले तेल रोख पैसे देऊन उचलावे आणि नव्या तेलाच्या खरेदीत त्याला तेवढी सवलत द्यावी. निरीक्षकाच्या दंडापेक्षा हा उपाय अधिक परिणामकारक ठरेल असे मला वाटते, कारण यात तळणाऱ्याला चांगले वागण्यासाठी स्वतःच्या पोटाला चिमटा घ्यावा लागत नाही.

तळणारा माणूस, आणि बहुतेकदा तळणारी बाई, या वादात कुणाला दिसतच नाही. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात पांढरे घेरदार कपडे घालून रस्त्याच्या कडेला अकाराजे तळणाऱ्या बायका आहेत. चवळीच्या वाटलेल्या पिठाचा हा गोळा गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर अटलांटिक ओलांडून आला, पश्चिम आफ्रिकेतल्या अकाराचा तो भाऊ, आणि इयान्सां देवतेचा तो नैवेद्य. या बायकांच्या व्यवसायाला ब्राझीलने २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवले. तरी फुटबॉलच्या विश्वचषकाची तयारी सुरू झाली तेव्हा आंतरराष्ट्रीय प्रायोजकांच्या हक्कांपायी साल्व्हादोरच्या स्टेडियमच्या आवारातून त्यांना दूर ठेवायचे घाटत होते. त्यांनी आंदोलन केले तेव्हा कुठे त्यांना जागा मिळाली. वारसा म्हणून प्रमाणपत्र द्यायचे आणि जागा मात्र मोठ्या कंपनीला द्यायची, हा प्रकार आरोग्याच्या नावानेही होऊ शकतो. स्वच्छतेचे आणि परवान्याचे नियम असे केले, की ते फक्त कारखान्यालाच परवडतील, तर हाताने ताजे तळणारी बाई जाते आणि तिच्या जागी सहा महिने टिकणारे पाकीट येते. हंगेरीने २०११ मध्ये जो आरोग्य-कर बसवला, तो मुख्यतः पाकीटबंद खारट-गोड मालावर होता, जत्रेतल्या लांगोशवर नव्हता. हा विवेक मला योग्य वाटतो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. तेल उत्तम असले, ट्रान्स फॅट शून्य असले, तरी डोनटसारख्या पदार्थाचा पाव-पंचमांश भाग स्निग्धांश असतो, वर साखर असते, आणि रोज खाल्ले तर शरीर बिघडणारच. तेलाचे नियम या रोजच्या खाण्याला कसे आवरणार? प्रामाणिक उत्तर असे की ते पूर्ण आवरू शकत नाहीत. त्यासाठी रोजच्या पुरवठ्याची ठिकाणे पाहावी लागतील: शाळेचे उपाहारगृह, मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती, दुकानात पैसे देण्याच्या रांगेशेजारी मांडलेली पाकिटे. तिथे बंदीसुद्धा मला मान्य आहे. ‘एअर फ्रायर’ या गरम हवेच्या यंत्राला मी यावरचा उपाय मानत नाही. पातळ पीठ त्यात पडले तर ओघळून जाते, आणि जे तयार होते ते भाजलेले असते.

उरतो प्रश्न दिनदर्शिकेचा, आणि गेलेले दिवस परत आणता येत नाहीत असे सांगणारे भेटतात. पण प्रथा माणसे घडवतात, याचा एक पुरावा याच पदार्थांत आहे. इस्रायलमध्ये आज हनुक्का म्हणजे सुफगानिया, मुरंबा भरलेला तळलेला गोळा. १९२० च्या दशकापर्यंत तिथल्या घरांत या सणाला मुख्यतः बटाट्याच्या किंवा चीजच्या घावनासारख्या लेविवोत होत, आणि त्या कुणीही घरी करी. हिस्ताद्रुत या कामगार संघटनेने सुफगानिया पुढे आणली, कारण ती घरी करणे अवघड, बेकरीतून विकत घ्यावी लागते, आणि बेकरी-कामगारांना सणाच्या आधीचे काही आठवडे काम मिळते. शे-वर्षांच्या आत ती राष्ट्रीय प्रथा झाली. एका कामगार संघटनेला जे रोजगारासाठी जमले, ते आज आरोग्यासाठी आणि हाताने करणाऱ्यांच्या कमाईसाठीही जमेल. नगरपालिकांनी ऋतूच्या, सणाच्या नेमक्या दिवसांत हाताने तळणाऱ्यांना चौक मोकळे करून द्यावेत, भाडे घेऊ नये, ताजे तेल घाऊक भावात द्यावे, संध्याकाळी जुने तेल मोजून, पैसे देऊन उचलून न्यावे. कढईशेजारी तेलाच्या चाचणीची पट्टी टांगलेली असावी, रांगेतल्या प्रत्येकाला तिचा रंग दिसेल अशी.